घेवड्याचं बी आणि दोनदा घेतलेला निरोप

नाशिकला आठ महिने राहून आलो म्हटलं की आमच्या गावची माणसं ठरल्या क्रमाने चौकशी करतात. काळाराम पाहिला? पंचवटी पाहिली? द्राक्षं स्वस्त का? मी तिन्हींना मान हलवून मोकळा होतो. खरं सांगायचं तर नाशिकमधली एकच जागा मला नीट कळली, ती म्हणजे गंगेकाठचा सकाळचा भाजीबाजार. गंगा म्हणजे गोदावरी. नाशिककर तिला गंगाच म्हणतात, आणि पाहुण्याने गोदावरी म्हटलं तर तो भूगोलाचा धडा पाठ करून आला असावा अशा नजरेने त्याच्याकडे बघतात.

आम्ही चिपळूणकडचे. आमच्या लेकीला, मुक्ताला, बाळ झालं म्हणून मी आणि शालिनी तिच्याकडे गेलो. बाळाची आंघोळ, धुरी, मुक्ताचं खाणंपिणं हे सगळं शालिनीने ताब्यात घेतलं. जावई ऑफिसला जात. बाळ झोपत असे. त्या घरात बिनकामाचा मी एकटाच होतो आणि जाईन तिथे आडवा येत होतो. चौथ्या दिवशी शालिनीने माझ्या हातात पिशवी दिली आणि म्हणाली, "भाजी घेऊन या. लवकर नाही आलात तरी चालेल."

अशी माझी नेमणूक झाली.

पहिल्याच दिवशी मी घोसाळी मागितली. बाजारात कुणी मान वर केली नाही. समोर ढीग घोसाळ्यांचाच होता, पण तिकडे त्यांना गिलके म्हणतात. आमच्याकडे भाजीचे वाटे मांडलेले असतात. आवडला तर उचला, नाहीतर पुढे व्हा. इथे तराजू, आणि पावशेराखाली बोलणं नाही. मी "एक वाटा द्या" म्हटलं तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, "कशाचा वाटा, दादा? भावकीतून आले का?"

त्या कांताबाई. सायखेड्याच्या. रोज पहाटे रिक्षातून मेथी, शेपू, गवार, वांगी घेऊन यायच्या आणि दुपारी घरी जायच्या. त्यांच्या शेजारी पोपटराव बसायचा, कांदा-लसूणवाला, पस्तिशीचा, स्वतःचा छोटा हत्ती टेंपो असलेला आणि सगळ्या जगाला मदत करायला टपलेला. त्याच्या मदतीची फळं पुढे मी कशी भोगली ते येईलच.

कांताबाई भाजीबरोबर कृतीही द्यायच्या. गिलक्यात शेंगदाण्याचं कूट कधी घालायचं, वांगं कोणत्या बाजूने चिरायचं. मी त्यांना सुरुवातीलाच, का कोण जाणे, "घरी स्वयंपाक मीच करतो" असं सांगून ठेवलं होतं. बायामाणसांत त्यामुळे माझं वजन वाढलं. घरी आलो की तीच कृती मी शालिनीला "आमची आई असं करायची" म्हणून सांगत असे. दोन्हीकडे माझी पत होती. दोन्ही टोकं कधी भेटणार नव्हती, त्यामुळे चिंता नव्हती.

मंगळवार: निरोप

एप्रिलात आमची परतायची वेळ आली. मी इस्त्रीचा शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन बाजारात गेलो. कांताबाईंनी मला उपड्या क्रेटवर बसवलं. मी थोडं बोललो. थोडं म्हणजे आधी घरी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं तेवढं. "अशी भाजी आणि अशी माणसं पुन्हा भेटायची नाहीत," इथे माझा आवाज ठरवल्यापेक्षा जास्तच कापला. पोपटरावने डोळे पुसले आणि लसणाची एक गच्च वेणी माझ्या गळ्यात घातली. शेजारच्या गिऱ्हाइकाला मी निवडणूक जिंकलोय असं वाटलं असणार.

कांताबाईंनी कमरेच्या पिशवीतून एक फडकं काढलं. गाठ मारलेलं, राखेने माखलेलं.

"घेवड्याचं बी हाय. जांभळ्या शेंगांचा. माझ्या सासूनं लावला व्हता बांधावर, तवापासून हाय. बाजारात नाय मिळायचं हे."

"मला कशाला?"

"आमच्यात बी एका घरी ठेवत नाय. दुसऱ्या घरी बी द्यायचं. इथं गेलं तर तिथं राहतं. माझ्या जावेकडं व्हतं, तिनं जागा विकली. औंदा अवकाळीनं वेल झोडपला, एवढंच हाती लागलं. निम्मं माझ्याकडं, निम्मं तुमच्याकडं. पाऊस पडला की लावा. आन् फोटो पाठवा."

मी फडकं कपाळाला लावलं. राख कपाळावर राहिली. तसाच घरी गेलो, तर शालिनी म्हणाली, "देवळात जाऊन आलात?" मी हो म्हटलं. कारण तिने आदल्या दिवशीच बजावलं होतं, की सामानात आता एक सुतळीसुद्धा वाढणार नाही. फडकं मी गुपचूप स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यामागे लपवलं. निघताना हळूच उचलणार होतो, पण निघायच्या गडबडीत विसरलो.

संध्याकाळी नाशिकरोडला गाडी आली. आमच्या जागांवर एक कुटुंब पुऱ्या खात बसलं होतं. मी तिकीट पुढे करून आवाज चढवला. त्यातल्या आजोबांनी शांतपणे चष्मा लावला, तिकीट वाचलं आणि म्हणाले, "तारीख बरोबर आहे. महिना मेचा आहे."

आरक्षण मीच केलं होतं. शालिनीने फलाटावरच हमालाला परत बोलावलं. मुक्ताच्या दारात एवढंच म्हणाली, "बाळाला आजोबा पुन्हा मिळाले." पुढची जागा शनिवारची मिळाली.

बुधवार: देवळाली कॅम्प

सकाळी पिशवी पुन्हा माझ्या हातात आली. बाजारात कोणत्या तोंडाने जाणार? काल ज्यांना रडवलं त्यांच्यापुढे आज उभं राहून पावशेर गवार मागायची? आमच्याकडे एखादा मुंबईला निघालेला माणूस एसटी चुकून परत आला तर त्याला वर्षभर त्या एसटीच्या वेळेने हाक मारतात.

म्हणून मी बस धरून देवळाली कॅम्पला गेलो. तिथला बाजार मोठा शिस्तीचा. लष्करी घरांतल्या बायका यादी वाचून भाजी घेतात, विक्रेते हिंदीत बोलतात, आणि कुणी कुणाला कृती सांगत नाही. मी भेंडी घेतली, टोमॅटो घेतले. जमलं, असं वाटलं. एवढ्यात मागून आवाज आला.

"काका! आवो, तुम्ही तं कोकणात!"

पोपटराव. बुधवारी तो कॅम्पातल्या खाणावळींना कांदा टाकतो ही गोष्ट त्याने मला आठ महिन्यांत किमान दहा वेळा सांगितली होती.

"गाडी… आज आहे," मी म्हणालो.

"कुठून?"

"इथूनच. देवळालीहून."

"सामान?"

"पुढे गेलं."

"काकू?"

"त्याही पुढे गेल्या."

"आन् ही भेंडी?"

"प्रवासात लागते."

पोपटरावने मला वर-खाली पाहिलं. म्हातारा बिचारा एकटाच मागे राहिलाय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. "चला बसा. मी सोडतो." मी नको म्हटलं. पोपटरावच्या कानाला नको हा शब्द ऐकूच येत नाही. त्याने मला टेंपोत घातलं, देवळाली स्टेशनवर नेलं, चहा पाजला आणि बाकावर माझ्याशेजारी बसून राहिला. मी तीनदा म्हणालो, "तू जा, तुझा खोळंबा होतोय." तो तीनदा म्हणाला, "काका, तुम्हाला गाडीत बसवल्याबिगर मी जात नाय."

इगतपुरीकडे जाणारी पॅसेंजर आली. कोकणची गाडी ही नव्हे, असं म्हणायची सोय राहिली नव्हती, कारण तासाभरापूर्वी मी कोकणाची वाट पॅसेंजरने कशी सुखाची होते याचं सविस्तर वर्णन करून बसलो होतो. पोपटराव धावत खिडकीवर गेला, तिकीट घेऊन आला, आणि मी चढलो. गाडी हलली. तो हात हलवत फलाटाच्या टोकापर्यंत पळाला. मला खरोखर रडू आलं. दुःखाने नव्हे, भेंडीची पिशवी त्याच्या टेंपोत राहिली होती.

पुढचं स्टेशन लहवित. तिथे मी उतरलो. तिकडे जावं असं लहवितला काय आहे, असं वाचक विचारतील, तर एक मोठं झाड आहे, त्याखाली मी दीड तास बसलो. शेवटी द्राक्षाचे क्रेट नेणाऱ्या एका पिकअपवाल्याने मागे बसवून घेतलं. द्राक्षं खाल्ली तरी चालतील म्हणाला. उपाशीपोटी खाल्ली. त्याचं पुढे व्हायचं ते झालं.

तीन वाजता घरी पोचलो. हातात पिशवी नाही, शर्टाला द्राक्षाचे डाग. शालिनीने ताट वाढलं. भाकरी, लसणाची चटणी आणि उसळ. काय उसळ होती! दाणा लोण्यासारखा, वर गोडूस चव, रस्सा दाट. मी तीन वाट्या खाल्ल्या. तिसऱ्या वाटीला म्हणालो, "आमच्या आईची आठवण झाली. कसली ग?"

"तुम्ही भाजी आणाल यावर माझा विश्वास नव्हता. म्हणून काल रात्रीच भिजत घातली. तांदळाच्या डब्यामागे फडक्यात होते दाणे. काय घाण होती त्यात, नुसती राख! चार पाण्यांनी धुतले."

माझा घास तोंडातच राहिला. मग गिळला. आता तो बाहेर काढून उपयोग नव्हता.

गुरुवार: त्र्यंबकेश्वर

रात्रभर विचार करून मी एक बेत रचला. तसलंच दिसणारं बी शोधायचं, कोकणात लावायचं, आणि वेलाचा फोटो पाठवायचा. वेल सगळे सारखेच दिसतात.

त्र्यंबकला पेठकडच्या डोंगरातल्या बाया कडधान्य घेऊन बसतात, असं ऐकून होतो. गेलो. एसटी स्टँडपासून देवळापर्यंत रुद्राक्ष, फुलं, प्रसाद, आणि "कुठली पूजा?" विचारणारी माणसं. त्यातले एक गुरुजी माझ्याबरोबर चालू लागले. चेहरा वाचता येत असावा. म्हणाले, "काळजी दिसते."

मी थकलो होतो. सगळं सांगितलं. सांभाळायला दिलेलं बी, तिसरी वाटी, सगळं.

ते थांबले. उपरणं सारखं केलं. बराच वेळ आठवून पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाले, "याला विधी नाही."

"काहीच नाही?"

"जिचं आहे तिला जाऊन सांगा. दुसरं काय करणार?" आणि फुकट सल्ला दिल्याचं लक्षात येऊन ते घाईने दुसऱ्या यात्रेकरूकडे वळले.

तरीही मी एका म्हातारीकडून ओंजळभर जांभळट दाणे घेतलेच. माणसाचा स्वभाव इतक्या लवकर जात नाही.

शुक्रवार: सायखेडा

गुरुजींचं वाक्य मात्र डोक्यातून जाईना. बाजारात सगळ्यांसमोर कबुली देण्यापेक्षा कांताबाईंच्या घरी जावं, निदान चार माणसांत भागेल, म्हणून दुपारी सायखेड्याला गेलो. गंगेच्या काठचं मोठं गाव. द्राक्षांचे मांडव, उन्हात वाळत घातलेला कांदा, आणि नदीवरून येणारा बरा वारा. पत्ता विचारला तर एक जण म्हणाला, "कांतामावशीकडं? चला, मी बी येतो." वाटेत आणखी सहा जण आले. अंगणात पोचेपर्यंत आम्ही आठ जण झालो होतो.

कांताबाई लसूण निवडत होत्या. मला बघून सूप मांडीवरून घसरलं.

"दादा? आवो, पोपट तं म्हणला गाडीत बसवून आलो! म्हणला, काका लय रडले."

"रडलो ते खरं आहे," मी म्हणालो आणि तिकिटाच्या महिन्यापासून सुरू केलं. आठ जणांची करमणूक होत होती. भेंडीपाशी एक जण पोट धरून खाली बसला. मग मी उसळीपाशी आलो, आणि अंगणात हसू थांबलं. त्या गावात ते फडकं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"ते बी व्हतं," कांताबाई म्हणाल्या.

"हो."

"समदं?"

"तीन वाट्या मी. उरलेलं घरच्यांनी."

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. लसणाची एक पाकळी सोलली, दुसरी सोलली. टरफलं सुपात ठेवली आणि पाकळ्या फेकून दिल्या. मग उठून आत गेल्या. शेजारचा माणूस मला हळूच म्हणाला, "काका, जायचं असलं तं आत्ता जा." मी गेलो नाही. धैर्याने नव्हे, परतीची वाट त्याच माणसांतून जात होती.

बाहेर आल्या तेव्हा हातात पाण्याचा तांब्या होता. माझ्यापुढे ठेवला. स्वतः समोर बसल्या.

"चव कशी व्हती?"

"काय?"

"उसळीची. खरं सांगा."

"खरं सांगू? जन्मात अशी खाल्ली नाही."

त्या वेलाकडे, म्हणजे बांधाच्या कडेला रिकाम्या उभ्या असलेल्या काठ्यांकडे बघत राहिल्या. "सासू म्हणायची, येकदा तरी दाणा शिजवून बघू. शेंगा खाल्ल्या आमी. दाणा म्हणजे बी, ते मोडायचं धाडस नाय झालं कुणाचं. ती गेली तशीच." आणि मग त्यांना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "आन् खाल्लं कुणी, तं ह्यानं!"

मी खिशातून त्र्यंबकचे दाणे काढले आणि तोही गुन्हा कबूल केला. त्यांनी एक दाणा उन्हात धरला. "हा वाल हाय. फोटो धाडला असता तं पहिल्याच पानाला वळखलं असतं मी."

"चुकलं."

"माझ्याकडं निम्मं हाय, त्यातलं निम्मं देते. आता थोडंच राहील, तरी बी दुसरं घर पायजे. पण तुमच्या हातात नाय द्यायचं. वहिनींना आणा उद्या बाजारात."

शनिवार: दुसरा निरोप

आठ महिन्यांत शालिनी पहिल्यांदा बाजारात आली. मी पिशवी धरून मागे. कांताबाईंनी तिला माझ्या क्रेटवर बसवलं आणि म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला आराम हाय बगा. दादा समदा स्वयंपाक करत्यात."

शालिनीने माझ्याकडे पाहिलं. "कोण करतं?"

"मीच नाय का सांगत दादांना रोज! गिलक्यात कूट शेवटी घालायचं…"

"ते यांच्या आईचं आहे ना?"

"कुणाच्या आईचं? माझं हाय ते!"

मी लसणाचे भाव बघायला पोपटरावकडे सरकलो. त्याने माझी भेंडीची पिशवी तीन दिवस पाणी मारून जपून ठेवली होती. ती त्याने दोन्ही हातांनी मला दिली. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

त्या दोघींचं बोलणं संपेना. बी शालिनीच्या पदराला बांधलं गेलं. फोन नंबर तिला दिला गेला. निघताना कांताबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला आणि डोळे पुसले. माझा निरोप कुणी घेतला नाही. माझा घेऊन झाला होता.

आणि मग

मृगात शालिनीने बी लावलं, पडवीच्या कडेला, कोकणचा पाऊस थेट लागणार नाही असं. मला वेलापासून हातभर लांब उभं राहायची परवानगी होती. फोटो ती पाठवायची, उत्तरं तिला यायची. मी विचारायचो, "मला काही निरोप?" ती म्हणायची, "आहे. वेलाला हात लावू नका म्हणाल्यात."

पावसाळा संपता संपता गंगेला पूर आला. सायखेड्यात पाणी बांध चढून गेलं. कांताबाईंचा घरून फोन आला. घर बरं आहे, माणसं बरी आहेत, काठ्यासुद्धा राहिल्या नाहीत म्हणाल्या. लावलेलं सगळं बी त्या काठ्यांबरोबर गेलं होतं. आमच्या पडवीत तेव्हा जांभळ्या फुलांचा पहिला घोस आला होता. शालिनी फोन कानाला धरून त्याच्याकडे बघत उभी राहिली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात एकही शेंग कुणी भाजीला तोडली नाही.

जानेवारीत दाणे वाळले. नेऊन पोचवायचं काम मला मिळालं, कारण बाळाचा पहिला वाढदिवस मागेच उरकला होता, शालिनीचा गुडघा दुखत होता, आणि दुसरं कुणी रिकामं नव्हतं. तिने राख चाळली, बी फडक्यात बांधलं, फडकं पिशवीत शिवलं, पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: हे बी आहे. डबा वेगळा दिला. तिकिटावरचा महिना तिने स्वतः तपासला.

गंगेवर पोचलो तेव्हा सात वाजले होते. थंडी मजबूत. कांताबाईंनी पिशवी दातांनी उसवली, फडकं सोडलं, राखेत बोटं घालून दाणा वर काढला. पाठ-पोट बघितलं. फडक्याचे दोन भाग केले, निम्मं कमरेच्या पिशवीत ठेवलं, आणि निम्म्याला पुन्हा गाठ मारून माझ्यापुढे धरलं.

"माझ्या हातात?" मी विचारलं.

"धरा. दुसरं घर तुमचंच हाय."

मी ते शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं. मेथी घेतली, चहा प्यायलो. या वेळी पेढे नव्हते, भाषण नव्हतं, इस्त्रीचा शर्ट नव्हता. गर्दी वाढल्यावर गुपचूप सटकायचं मी आधीच ठरवलं होतं. वांग्यांच्या ढिगामागून वळसा घालून पायऱ्यांपर्यंत पोचलोही होतो. एवढ्यात कांद्यांच्या गोण्यांवर उभं राहून पोपटरावने सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी हाक दिली,

"काका, गाडीत बसवायला येऊ का?"